पिवडी, काजळी आणि रणगाड्यांचे रंग

साताऱ्यात किंवा सांगलीत रणगाड्यांची मॉडेल्स करणारे चार जण जमले की थोड्याच वेळात गाडी रंगावर येते. एकाच्या मते जपानच्या तामिया कंपनीचा एक्सएफ-६२ हाच खरा ऑलिव्ह ड्रॅब, म्हणजे अमेरिकी लष्करी गाड्यांचा मळकट हिरवा. दुसऱ्याला तो फार काळपट वाटतो. तिसरा जुन्या फोटोवर बोट ठेवून दोघांनाही खोटं पाडतो. हा वाद मिटत नाही, कारण तिघंही बाटलीपासून सुरुवात करतात. ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वी हे रंग कारखान्यात कशापासून बनत होते आणि का बदलत होते, हे पाहिलं की कुठली बाटली घ्यावी आणि तिच्यात काय मिसळावं हे बरंचसं आपोआप कळतं.

लष्करी वाहनाला रंग हवा होता तो स्वस्त, टनावारी मिळणारा आणि उन्हात न उडणारा. या तिन्ही अटी मातीचे रंग पुऱ्या करतात. अमेरिकेचा ऑलिव्ह ड्रॅब मुळात पिवडी आणि काळा यांचं मिश्रण होता. पिवडी म्हणजे ट्यूबवर यलो ऑकर असं लिहिलेलं असतं ती. सोव्हिएत टी-३४ रणगाडे ज्या ४बीओ नावाच्या हिरव्यानं रंगवले जात, त्यातही मुख्य भाग पिवडीचाच. जोडीला पिवळं झिंक क्रोम आणि अल्ट्रामरीन, म्हणजे आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना द्यायची जुनी नीळ. हिरवा उभा राहायचा तो या पिवळ्या-निळ्याच्या मेळातून.

आपल्या भागाला हे रंग परके नाहीत. मातीच्या भिंतींना पिवडी आणि कावेचा हात देणं इथं कालपरवापर्यंत चालू होतं. दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळेही पूड रंग डिंकात नाहीतर सरसात कालवून रंगवले जात. घरोघरी लष्करी चित्रं, म्हणजे मातीच्या बाहुल्या, रंगवण्याची रीत आपल्याकडे किटच्या डब्यांच्या कितीतरी आधीची आहे, आणि तिचं सामान रणगाड्यांच्या रंगाचंच होतं.

पिवडीत काळा घातला की हिरवा येतो, हे न पाहिलेल्याला खरं वाटत नाही. पांढऱ्या टाइलच्या तुकड्यावर यलो ऑकरचा चांगला मोठा ठिपका घ्यावा आणि त्यात काळा टाचणीच्या टोकानं घालत जावा. आधी पिवळा नुसता मळतो. मग एका क्षणी शेवाळी झाक दिसायला लागते. काळ्यात निळसर अंग असतं, ते पिवळ्याला हिरव्याकडे ओढतं. काळा थोडा जास्त झाला की मिश्रण चटकन कोळशाकडे झुकतं, आणि तिथून परत आणायला दुप्पट पिवडी लागते. या पट्ट्यात कुठेही थांबा, तिथं एखाद्या ना एखाद्या कारखान्याचा ऑलिव्ह ड्रॅब सापडेल. अमेरिकेत एकाच नमुन्याबरहुकूम अनेक कंपन्या रंग बनवत होत्या, त्यामुळे दोन ट्रक एकाच छटेचे असलेच पाहिजेत हा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

तुटवड्यानं रंग कसा फिरतो, याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रिटिशांचं आहे. १९४२ पर्यंत त्यांच्या गाड्या बहुतांशी खाकी हिरव्या होत्या. त्या हिरव्यासाठी क्रोमियम ऑक्साइड लागायचं आणि ते विमानांच्या रंगालाही हवं होतं. विमानांना झुकतं माप मिळालं आणि १९४२ च्या मध्यापासून ब्रिटनमधल्या लष्करी गाड्या एससीसी २ या तपकिरी रंगात बाहेर पडू लागल्या. म्हणजे १९४३ ची क्रॉमवेल किंवा चर्चिल ही ब्रिटिश रणगाड्याची गाडी बाटलीवरच्या ‘ब्रिटिश ग्रीन’ नावावर विसंबून हिरवी रंगवली, तर ती बहुधा चुकते. पुढे १९४४ च्या एप्रिलमध्ये एससीसी १५ हा ऑलिव्ह ड्रॅब ठरला. त्यामागेही साधी सोय होती: अमेरिकेतून आलेल्या हजारो गाड्या पुन्हा रंगवायला लागू नयेत.

जर्मनांनी कागदोपत्री सगळं चोख ठेवलं होतं. १९२५ साली राल ही संस्था निघाली, १९२७ मध्ये तिनं ४० रंगांची पहिली नोंदवही काढली, आणि आजही राल क्रमांक सांगितला की रंग ठरतो. युद्धाच्या सुरुवातीचे रणगाडे गडद राखाडी आणि गडद तपकिरी होते. जुलै १९४० पासून नुसता राखाडी राहिला, ज्याचा पुढचा क्रमांक ७०२१. फेब्रुवारी १९४३ मध्ये हुकूम निघाला की मूळ रंग डुंकेलगेल्ब, म्हणजे मळकट पिवळा असेल आणि त्यावर ऑलिव्ह हिरवा व लालसर तपकिरी हे दोन रंग पलटणीनं स्वतः मारायचे. हे दोन्ही रंग घट्ट लगद्याच्या रूपात डब्यांतून यायचे. पातळ करायला कुणाकडे पेट्रोल असे, कुणाकडे नुसतं पाणी. कुणी फवारला, कुणी ब्रशनं ओढला. एकाच डब्यातल्या रंगाच्या दहा छटा व्हायच्या त्या इथं. दोन पँथर रणगाड्यांवरचा हिरवा वेगळा दिसला तर ती मॉडेल करणाऱ्याची चूक समजू नये.

संग्रहालयातली गाडी समोर असली तरी डोळे झाकून भरवसा ठेवता येत नाही. उत्तर आफ्रिकेत १९४०-४१ मध्ये ब्रिटिश रणगाड्यांवर तीन रंगांचे, सरळ कडांचे तिरपे पट्टे असत. ब्रिगेडियर कॉन्टर यांच्या नावानं ही पद्धत ओळखली जाते. इंग्लंडमधल्या बोव्हिंग्टनच्या संग्रहालयात एक मटिल्डा रणगाडा या पद्धतीनं रंगवला गेला आणि त्याच्यातला एक पट्टा आकाशी निळा झाला. मॉडेल कंपन्यांच्या रंगपत्रकांत तोच निळा उतरला, आणि कित्येक वर्षं जगभर निळ्या पट्ट्यांच्या मटिल्डा तयार होत राहिल्या. जुने हुकूम आणि रंगांचे नमुने तपासल्यावर कळलं की ते तीन रंग पोर्टलँड स्टोन, सिल्व्हर ग्रे आणि स्लेट होते. सिल्व्हर ग्रे हा हिरवट झाक असलेला राखाडी, निळा नव्हेच. आपल्याकडे अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर आकार, रिव्हेट, साखळी, वेल्डिंगच्या रेघा मन लावून पाहा, फोटो काढा. रंग मात्र जपून उचला. उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीला दर काही वर्षांनी नवा हात दिला जातो, आणि तो बाजारात मिळेल त्या एनॅमलचा असतो.

मॉडेलसाठी वेगळे रंग आले ते बरंच नंतर. हंब्रॉल ही कंपनी १९१९ साली इंग्लंडमधल्या हल इथं तेलाच्या धंद्यातून निघाली. तिच्या एनॅमलच्या चिमुकल्या डब्यांवर ब्रिटिश मॉडेल करणाऱ्यांच्या पिढ्या वाढल्या. एअरफिक्स या ब्रिटिश किट कंपनीचा पहिला पँथर १९६१ चा, तामियाचाही साधारण त्याच सुमाराचा. तामियानं गाडीत मोटर आणि बॅटरी बसेल असं माप धरलं, त्यातून १/३५ हे प्रमाण रूढ झालं. पुढे तामियाचे अल्कोहोलवर चालणारे ॲक्रिलिक आले, स्पेनचे पाण्यावरचे व्हॅलेहो आले. ही दोन घराणी एकत्र नांदत नाहीत. व्हॅलेहोत तामियाचं थिनर घातलं की रंग नासक्या दुधासारखा फुटतो.

हे सगळं इकडे सहज मिळू लागलं ते ऑनलाइन खरेदी रुळल्यावर. त्याआधी सांगलीच्या गणपती पेठेतलं हार्डवेअर आणि स्टेशनरीचं दुकान हाच आधार होता. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचे पोस्टर कलर, नंतर ॲक्रिलिक, एनॅमलचे छोटे डबे आणि टर्पेंटाइन एवढ्यावर माणसं रणगाडे रंगवत. पोस्टर कलर डिंकावरचा, गुळगुळीत प्लॅस्टिकवर तो पापुद्र्यानं निघतो, म्हणून खाली प्रायमर हवाच. बोर्ड रंगवणारे पेंटर पिवळा, काळा, पांढरा, निळा आणि लाल एवढ्या डब्यांतून हवी ती छटा काढायचे. त्यांच्याकडून शिकण्यासारखं खूप होतं. त्यांचा एक धडा आजही उपयोगी आहे: डब्यातला गोल्डन यलो ही पिवडी नव्हे. त्यात काळा घातला तर भडक पोपटी अंगाचा हिरवा येतो. त्याला मारायला लोखंडी ग्रिलला लावतात तो रेड ऑक्साइड थेंबभर घालावा. जर्मन कारखाने पत्र्याला जो तांबडा प्रायमर देत, तोही असाच लोहाच्या गंजाचा रंग. तो थेंब पडला की हिरवा लगेच लष्करी होतो.

छोट्या मॉडेलवर रंग आहे त्याहून गडद दिसतो, म्हणून तो फिकट करावा लागतो. इथं बहुतेक जण पांढरा ओततात. मला ते पटत नाही. पांढऱ्यानं ऑलिव्ह ड्रॅब खडूसारखा निर्जीव होतो. पिवडी किंवा फिकट बदामी घातला तर तो उन्हात तापलेला वाटतो. पावसाळ्यात लॅकरच्या स्प्रेपासून मात्र दूर राहावं. जुलैतल्या साताऱ्याच्या हवेत लॅकर वाळताना दुधी पडतो.

आता आपल्या माणसांच्या गाड्यांकडे वळू. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरी या गावातले ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले. दुसऱ्या महायुद्धात मराठा पलटणी इरिट्रियातल्या केरेनपासून इटलीपर्यंत लढल्या. यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला तो इटलीतच, एकाला १९४४ च्या लढाईसाठी, दुसऱ्याला १९४५ च्या. या पलटणी ज्या भारतीय डिव्हिजनांत होत्या त्यांच्याकडे इंडियन पॅटर्न कॅरिअर नावाच्या चारचाकी चिलखती गाड्या असत. चासी कॅनडाच्या फोर्डची, चिलखती पत्रा टाटांचा, म्हणून तिला टाटानगर असंही म्हणत. अमेरिकी शर्मन रणगाड्याच्या मानानं या गाडीच्या वाट्याला मॉडेल कंपन्यांचं लक्ष फारच कमी आलं आणि दुकानात तिच्या नावाची रंगाची बाटली नसते. इटलीतल्या गाडीसाठी १९४३ पासूनची लाइट मड आणि निळसर काळा ही जोडी धरावी. लाइट मड म्हणजे सुकलेल्या चिखलाचा राखट खाकी: पिवडी, भरपूर पांढरा, चिमूटभर काळा आणि अगदी थोडा अंबर, म्हणजे मातीचा गडद तपकिरी. निळसर काळ्यासाठी काळ्यात निळीचं एक बोट पुरतं, पट्ट्यांच्या कडा वळणदार ठेवाव्यात. हीच गाडी ब्रह्मदेशात न्यायची असेल तर तिथला रंग एससीसी १३, जंगल ग्रीन, खूप गडद आणि मंद. त्याला पिवडी कमी, काळा जास्त, आणि तयार हिरव्याचा आधार घ्यावाच लागतो.