गुडघ्याच्या एमआरआयमधील दोन काळे पट्टे: टेंडन आणि लिगामेंट

सिंहगड उतरताना गुडघा मुरगळला, की "लिगामेंट गेलं" हे निदान पुणेकर गाडीतळावर पोहोचण्याआधीच करून मोकळा होतो. पुढे एमआरआयच्या अहवालात मात्र कधी लिगामेंट असते, कधी टेंडन, आणि फिल्मवर पाहावे तर दोन्ही काळेच पट्टे. दोन्ही मुख्यतः कोलॅजन या प्रथिनाच्या घट्ट तंतूंचे बनलेले असल्यामुळे एमआरआयमध्ये सिग्नल फारसा देत नाहीत, म्हणून काळे दिसतात. म्हणून रंगावर न जाता टोके पाहावीत: टेंडन स्नायूला हाडाशी जोडतो, तर लिगामेंट हाडाला हाडाशी.

बाजूने घेतलेल्या मधल्या छेदात मांडीच्या पुढच्या स्नायूंचा टेंडन गुडघ्याच्या वाटीच्या वरच्या कडेला येऊन टेकतो. चार स्नायूंचे तंतू तिथे थराथरांनी एकत्र येतात आणि थरांमध्ये चरबी असते, त्यामुळे त्यात रेघा दिसतात. त्या म्हणजे फाटणे नव्हे. वाटीच्या खालून नडगीच्या हाडावरील उंचवट्यापर्यंत जाणारा पट्टा मात्र खरा गोंधळ घालतो. दोन्ही टोकांना हाड असल्याने काही जण त्याला लिगामेंट म्हणतात, पण मांडीच्या स्नायूंचाच जोर तो पुढे नेतो आणि वाटी हे मुळात टेंडनमध्येच घडलेले हाड आहे; माझ्या मते टेंडन हेच नाव अधिक सयुक्तिक. दोन अहवालांत दोन नावे आढळली, तरी भाग एकच असतो.

सांध्याच्या आतील लिगामेंटांपैकी पीसीएल (मांडीचे हाड आणि नडगी यांना जोडणारे मागचे लिगामेंट) हॉकीच्या काठीसारखे वाकलेले आणि एकसारखे काळे दिसते. एसीएल (त्याच हाडांना जोडणारे पुढचे लिगामेंट) मात्र निरोगी असूनही थोडे करडे, रेघारेघांचे दिसते. शिवाय तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी सुमारे 55 अंशांचा कोन करत असतील, तर काही प्रतिमांमध्ये धडधाकट टेंडनही उजळतो. सोनोग्राफीत हाच घोळ उलटा होतो: त्वचेवर फिरवायचा प्रोब तिरका पडला, की एरवी पांढरट दिसणारा टेंडन काळवंडतो. वाटीच्या वरखालच्या टेंडनांसाठी सोनोग्राफी उत्तम असली, तरी हाडांच्या आड खोल असलेले एसीएल तीत नीट दिसत नाही.

एसीएल नव्याने बसवताना बहुधा मांडीच्या मागचे टेंडन किंवा वाटीखालच्या पट्ट्याचा मधला भाग वापरतात. म्हणजे शस्त्रक्रियेनंतरच्या एमआरआयमध्ये हाडांच्या बोगद्यांत रोवलेला टेंडनच लिगामेंटचे काम करताना दिसतो, आणि सुरुवातीच्या महिन्यांत त्याचा काळेपणा जाऊन तो करडा होणे अपेक्षितच असते.