पिक्सेलची माळ आणि वगळलेली तार

आकाशकंदिलात किंवा गणपतीच्या मखरात स्वतः सोल्डर करून पिक्सेलची माळ, म्हणजे जिचा प्रत्येक दिवा वेगळ्या रंगात पेटवता येतो अशी एलईडीची माळ, बसवणारे आता पुष्कळ आहेत. त्यांच्या अडचणीही त्याच त्याच असतात. माळ अर्ध्यावर बंद पडते, टोकाचा पांढरा रंग तांबूस दिसतो, नाहीतर दिवे मध्येच भलतेच रंग दाखवू लागतात. ही माळ अशी का घडली हे कळलं, तर यातलं बरंच काही घरच्या घरी सुटतं.

धावत्या दिव्यांची हौस तशी जुनी. ५५५ हा टायमर आयसी १९७२ सालचा. त्याला दहापर्यंत मोजणारा ४०१७ जोडला की दहा दिवे ओळीने पेटत. मोठ्या बल्बांसाठी मध्ये ट्रायॅक हा इलेक्ट्रॉनिक स्विच घालायचा आणि तीन-चार माळा गुंफून आळीपाळीने पेटवायच्या, की उजेड पळाल्यासारखा वाटे. पण प्रत्येक दिव्याला वेगळं चालवायचं तर प्रत्येकाला वेगळी तार हवी. तिथे घोडं अडायचं. १९९३ मध्ये जपानमध्ये झगझगीत निळा एलईडी बाजारात आला आणि लाल, हिरवा, निळा हे तिन्ही रंग एकाच दिव्यात बसवणं शक्य झालं. निळ्याच्या शोधाला २०१४चं नोबेलही मिळालं.

खरी उलथापालथ २०१३च्या आसपासची. त्याआधीच्या, दिवे चालवणाऱ्या डब्ल्यूएस २८०१सारख्या चिपना माहितीची एक आणि ठेका देणारी, म्हणजे क्लॉकची, एक अशा दोन तारा लागत. डब्ल्यूएस २८१२मध्ये चिनी उत्पादकाने चिप थेट पाच मिलिमीटरच्या एलईडीच्या पोटात घातली आणि क्लॉकची तार काढून टाकली. रंगाची माहिती शून्य आणि एक या अंकांत जाते. आता शून्य की एक, हे विजेची नाडी (पल्स) किती वेळ टिकते त्यावरून ओळखायचं: साधारण ०.४ मायक्रोसेकंद टिकली तर शून्य, ०.८ टिकली तर एक. माळ स्वस्त झाली, सोल्डरचे टाके कमी झाले. घरी काम करणाऱ्याचं या निर्णयाने भलंच झालं, असं माझं ठाम मत आहे. किंमत मात्र मोजावी लागली. साधा मायक्रोकंट्रोलर, म्हणजे माळ चालवणारा छोटा संगणक, माळेला रंग पाठवत असताना बाकी सगळं थांबवतो. एका दिव्याला ३० मायक्रोसेकंद, म्हणजे तीनशे दिव्यांना ९ मिलिसेकंद. तेवढ्यात रिमोटचं बटण दाबलं, तर ते त्याला कळतच नाही.

अशा माळेला ‘ॲड्रेसेबल’ म्हणतात, आणि सगळ्यात जास्त घोटाळा याच शब्दाने केला आहे. नावावरून वाटतं की प्रत्येक दिव्याला पत्ता असणार. तसं काही नाही. रंगमंचावरच्या दिव्यांसाठी १९८६ साली आलेल्या डीएमएक्स पद्धतीत खरोखरचा पत्ता असतो. तो दिव्याच्या पाठीवरच्या बारीक स्विचांनी लावता येतो. पिक्सेलच्या माळेचा मामला वर्गात प्रश्नपत्रिका वाटण्यासारखा आहे. पहिल्या बाकावरचा मुलगा आपली एक ठेवून घेतो आणि उरलेला गठ्ठा मागे देतो, दुसरा तेच करतो. इथे प्रत्येक दिवा पहिले २४ बिट, म्हणजे आपल्या रंगाचे शून्य-एकचे २४ अंक, स्वतःला ठेवतो आणि पुढचे मागच्याकडे सरकवतो. सत्तेचाळिसावा दिवा सत्तेचाळिसावा आहे तो केवळ त्याच्या जागेमुळे.

म्हणूनच मधला एक दिवा मेला की त्याच्यामागची अख्खी माळ गप्प होते. शोधताना लोक पहिला बंद दिवा बदलतात आणि तरी माळ पेटत नाही. शेवटचा पेटलेला दिवाही तितकाच संशयित धरावा, कारण तो स्वतः उजळत असला तरी त्याने गठ्ठा मागे दिलेला नसू शकतो. पट्टी कापताना दोन दिव्यांमधल्या तांब्याच्या टिकल्यांच्या बरोबर मध्यावर कात्री चालवायची आणि छापलेला बाण बघूनच तार जोडायची, तेही याचसाठी.

दुकानात हा घोटाळा आणखी वाढतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत नुसती ‘रंग बदलणारी पट्टी’ मागितली, तर १२ व्होल्टची चार तारांची आरजीबी (लाल-हिरवी-निळी) पट्टी हातात पडू शकते. तिचे सगळे दिवे एकदमच रंग बदलतात. ‘पिक्सेल’ हा शब्द आवर्जून उच्चारावा. ‘निओपिक्सेल’ हे एका अमेरिकी विक्रेत्याचं व्यापारी नाव. माल त्याच जातीचा.

वायफायवाले स्वस्त मायक्रोकंट्रोलर बोर्ड २०१४नंतर आले आणि मोबाइलवरून रंग बदलण्याची सोय झाली. पण ते माहितीच्या तारेवर ३.३ व्होल्ट देतात आणि ५ व्होल्टच्या माळेला तिथे कागदोपत्री साडेतीन तरी हवे असतात. टेबलावर नीट चाललेला कंदील गॅलरीत लांब तारेवर टांगला की थरथरतो, त्याचं हे एक मोठं कारण. मध्ये ७४एचसीटी१२५ ही ३.३चा संकेत ५ व्होल्टवर नेणारी चिप बसवली की प्रश्न मिटतो. वीजही कमी लेखू नये. पूर्ण पांढऱ्यावर एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर खातो. मीटरला साठ दिव्यांची पाच मीटर पट्टी म्हणजे १८ अँपिअर. इतका प्रवाह पट्टीच्या पातळ तांब्यातून जाताना टोकाशी व्होल्टेज घसरतं. निळ्या-हिरव्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं, म्हणून आधी ते मंदावतात आणि पांढरा तांबूस होतो. पट्टीला दोन्ही टोकांनी वीज द्यावी.

नंतरच्या डब्ल्यूएस २८१३ आणि १२ व्होल्टच्या डब्ल्यूएस २८१५मध्ये उत्पादकाने माहितीची एक जादा तार घातली. एक दिवा मेला तरी मागचा त्या तारेवरून आपला गठ्ठा घेतो. लागोपाठ दोन मेले, तर मात्र माळ तिथेच थांबते.