विद्यापीठाचा सर्व्हर, बाहेरची संस्था

नाशिकमधल्या एखाद्या वाचनालयाने किंवा द्राक्षं विकणाऱ्या शेतकरी उत्पादक कंपनीने विद्यापीठाकडे वेबसाइटसाठी सर्व्हरवर जागा मागितली, तर पहिला अडसर येतो तो ‘शैक्षणिक कामापुरतंच’ या अटीचा. ही अट बरीच जुनी आहे.

भारतात इंटरनेट आलंच मुळी शिक्षणसंस्थांच्या दारातून. १९८६मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाच्या मदतीने अर्नेट हा शिक्षण-संशोधन संस्थांना जोडणाऱ्या जाळ्याचा प्रकल्प सुरू केला. त्यात पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था, मुंबईचं एनसीएसटी (राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र) आणि खुद्द तो विभाग, असे आठच जण होते. जाळं सरकारी पैशावर उभं, म्हणून वापर शिक्षण-संशोधनापुरता. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाच्या जाळ्यावर, एनएसएफनेटवरही धंद्याच्या कामाला मनाईच होती.

आतलं काम बाहेरचं कधी होतं, हे मात्र कुठल्याच नियमाला नीट सांगता आलं नाही. याहू ही सुरुवातीची वेबसाइट्सची यादी स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्याच यंत्रणेवर ठेवली होती. गर्दी वाढत गेली, तेव्हा ती तिथून हलवावी लागली. गूगलचा पहिला पत्ताही स्टॅनफर्डचाच. काही विद्यापीठांनी तर दार मुद्दाम उघडं ठेवलं. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातलं १९९२चं सनसाइट, म्हणजे आजचं आयबिब्लिओ, बाहेरच्यांचे संग्रह सांभाळतं. ओरेगन स्टेट विद्यापीठाची ओपन सोर्स लॅब २००३पासून मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पांना सर्व्हर पुरवते.

आपल्याकडे हे रुजायला हवं होतं, असं मला वाटतं. पण वेळ जुळली नाही. विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने १५ ऑगस्ट १९९५ला सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं, नोव्हेंबर १९९८मध्ये खासगी कंपन्यांनाही मुभा मिळाली. विद्यापीठांना वेगवान जोडणी देणाऱ्या राष्ट्रीय ज्ञान जाळ्याला मंजुरी मिळाली ती थेट मार्च २०१०मध्ये, ५,९९० कोटी रुपयांची. तोवर होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायला सर्व्हरवरची जागा, बाजारात स्वस्तात मिळू लागलं होतं. विद्यापीठाकडे जायचं कारणच उरलं नव्हतं. शिवाय वेबपत्त्याच्या शेवटी येणारं ‘एसी डॉट इन’ हे नाव अर्नेट फक्त शैक्षणिक संस्थांनाच देतं. त्या नावाखाली बाहेरच्याची साइट आली आणि ती कुणी हॅक केली, तर बदनामी विद्यापीठाची.

नाशिकच्या बाबतीत आत-बाहेरची रेषा आणखीच पुसट आहे. गंगापूर धरणाजवळचं मुक्त विद्यापीठ १९८९चं, म्हसरूळचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८चं. पहिल्याची अभ्यासकेंद्रं इतर संस्थांच्या इमारतींत चालतात, दुसऱ्याची संलग्न महाविद्यालयं राज्यभर विखुरलेली. आवारातली वायफाय थोड्यांच्याच उपयोगाची. परीक्षेचा अर्ज आणि निकाल मात्र गडचिरोलीतल्या विद्यार्थ्यालाही सर्व्हरवरूनच मिळवावा लागतो.