एक चलन, एकवीस तिजोऱ्या

महाराष्ट्र आणि बिहार एकच रुपया वापरतात. एखादं राज्य अडचणीत आलं, तर पाठीशी केंद्राचा अर्थसंकल्प आणि वित्त आयोग असतो. युरोच्या मागे एवढी मोठी सामाईक तिजोरी नाही. जानेवारी २०२६ मध्ये बल्गेरिया आल्यावर युरो वापरणारे देश २१ झाले. व्याजदर फ्रँकफर्टची मध्यवर्ती बँक ठरवते, कर आणि खर्च मात्र ज्याचा त्याचा. युरोपियन संघाचा अर्थसंकल्प सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या जेमतेम १ टक्क्याच्या आसपास. मंदीत स्वतःचं चलन स्वस्त करून निर्यात वाढवण्याची सोयही गेलेली. त्यातून एकाने बेसुमार कर्ज काढलं, तर त्याची झळ सगळ्यांना लागते.

म्हणून या देशांचे अर्थमंत्री साधारण दरमहा भेटतात. या मंडळाचं नाव युरोग्रुप. पहिली बैठक जून १९९८ मध्ये लक्झेंबर्गला झाली. प्रत्येक देश १५ ऑक्टोबरपर्यंत पुढल्या वर्षाच्या अर्थसंकल्पाचा आराखडा युरोपियन आयोगाला (म्हणजे संघाच्या कार्यकारी मंडळाला) आणि या मंडळाला देतो, तोही स्वतःच्या संसदेची मंजुरी मिळण्याआधी! तूट जीडीपीच्या ३ टक्क्यांत आणि कर्ज ६० टक्क्यांत राहावं, ही मोजपट्टी. कर्जाची मर्यादा कित्येकांनी केव्हाच ओलांडली आहे.

या मंडळाची खरी ताकद मार्च २०१३ मध्ये सायप्रसने अनुभवली. तिथल्या बँका बुडायला आल्या होत्या. रात्रभर चाललेल्या बैठकीनंतर १६ मार्चला पहाटे मंत्र्यांनी १० अब्ज युरोपर्यंतची मदत कबूल केली, पण एका अटीवर: बँक ठेवींवर एकदाच कर. १ लाख युरोपर्यंतच्या ठेवींवर ६.७५ टक्के, त्यावरच्यांवर ९.९ टक्के. वास्तविक १ लाखापर्यंतच्या ठेवींना विम्याचं संरक्षण होतं. ही अट मुळातच अन्यायाची होती, असं मला ठामपणे वाटतं. एटीएमपुढे रांगा लागल्या, बँका जवळपास दोन आठवडे बंद राहिल्या. १९ मार्चला सायप्रसच्या संसदेत या कराच्या बाजूने एकही मत पडलं नाही. २५ मार्चच्या नव्या करारात छोटे ठेवीदार वाचले. लाइकी ही सायप्रसची एक मोठी बँक गुंडाळली गेली आणि तिथल्या मोठ्या ठेवीदारांनी बराच पैसा गमावला.

ठेवीदार न्यायालयात गेले. डिसेंबर २०२० मध्ये युरोपियन न्यायालयाने सांगितलं, की युरोग्रुप हे मंत्र्यांचं अनौपचारिक मंडळ आहे, संघाची संस्था नव्हे. त्याच्याकडून नुकसानभरपाई मागता येणार नाही. आयोगावर किंवा मध्यवर्ती बँकेवर दावा लावता येतो. आपल्या मंत्र्याला आपली संसद जाब विचारू शकते. पण एकत्र बसून निर्णय घेणाऱ्या या मंडळावर मात्र भरपाईसाठी खटला भरता येत नाही.