सात बॉल आणि दोन पाय: फक्त पिस्तुलांचा पेंटबॉल खेळायला येणाऱ्या पाहुण्यांसाठी

गाडीतून उतरल्या उतरल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: “मोठ्या बंदुका नाहीत का?” नाहीत. पेंटबॉल म्हणजे गॅसच्या दाबाने रंगाचे बॉल मारून समोरच्याला आऊट करायचं. त्यासाठी आमच्याकडे फक्त पिस्तुलं आहेत आणि ती मुद्दाम ठेवलेली आहेत. एक कारण सरळ आहे. कुंपणापलीकडे शेजाऱ्यांची हापूसची कलमं आहेत आणि मोहोरावर रंगाचे बॉल पडलेले कोणाला आवडतील? दुसरं कारण खेळाचं. मोठ्या मार्करच्या (म्हणजे पेंटबॉलच्या बंदुकीच्या) डोक्यावर दोनेकशे बॉलचा डबा असतो. ट्रिगर दाबत राहिलं की समोरचा माणूस दहा मिनिटं झाडामागून डोकं काढत नाही. पिस्तुलात सात बॉल. सात संपले की तुम्ही एक निःशस्त्र गृहस्थ. त्यामुळे इथे नेमबाजीपेक्षा पायांना आणि तोंडाला जास्त काम आहे.

हे काही आम्ही काढलेलं नाही. पेंटबॉलचा पहिला खेळ २७ जून १९८१ रोजी अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमधल्या हेनिकर गावच्या जंगलात झाला. बारा खेळाडू होते आणि प्रत्येकाच्या हातात नेलस्पॉट ००७ नावाचं पिस्तूल. ते मुळात तोडायच्या झाडांवर आणि गुरांवर रंगाची खूण करण्यासाठी बनवलेलं. जिंकला रिची व्हाइट, धंद्याने वनकामगार. त्याने चारही ठिकाणचे झेंडे गोळा केले आणि एकही बॉल मारला नाही. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक टीमला आम्ही ही गोष्ट सांगतो. ऐकून सगळे माना डोलावतात आणि शिट्टी वाजली की धडाधड सातही उडवतात.

हातात काय मिळेल

प्रत्येकाला एक पिस्तूल, सात-सात बॉलची तीन मॅगझिनं आणि आत १२ ग्रॅमची कार्बन डायऑक्साइडची एक कुपी. कुपी साधारण वीस-पंचवीस बॉलना पुरते, म्हणजे तीन मॅगझिनं संपेपर्यंत. एका डावाला तेवढंच. डाव दहा मिनिटांचा, टीम सहा-सहाची, मधल्या मोडक्या खळ्यावर एक झेंडा. तो उचलून आपल्या टोकाला आणायचा.

कुपीत गॅस द्रवरूपात असतो. तो उकळून बाहेर येताना उष्णता शोषतो, म्हणून भराभर बॉल मारले की पिस्तूल गार पडतं, दाब उतरतो आणि पाचवा-सहावा बॉल निम्म्या वाटेत जमिनीला लागतो. मग पाहुणे म्हणतात, पिस्तूल खराब आहे. पिस्तूल बरं आहे, तुम्ही दोन बॉलच्या मध्ये एक श्वास घ्या. उन्हात उलटं होतं, दाब चढतो. म्हणून एप्रिल-मेमध्ये आम्ही बॉलचा वेग सकाळी आणि पुन्हा दुपारी यंत्रावर मोजतो. आमची मर्यादा सेकंदाला २६० फूट. मोठ्या मैदानांवर २८० ते ३०० फूट चालतो, पण आपण जवळून खेळतो. तुम्हीही पिस्तूल उन्हातल्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

बॉलची कातडी जिलेटिनची असते आणि आपली हवा दमट. डबा उघडा राहिला की बॉल पापडासारखे सादळतात, फुगतात आणि नळीतच अडकतात. म्हणून बॉल शेवटच्या क्षणी मिळतात. घाई करू नका. खाली वाळूत पडलेला बॉल उचलून परत भरू नका. तो नळीतच फुटतो आणि मग आख्खा डाव तुम्ही रंगाचे फवारे मारत बसता. (जिलेटिन प्राण्यांपासून बनतं. काही शाकाहारी पाहुणे विचारतात, म्हणून आधीच सांगून ठेवलं. आतला रंग पाण्याने धुतला जातो.)

किती लांबून मारायचं

आमचा ठोकताळा असा: वीस मीटरच्या पलीकडे मारू नका. वीस मीटर जायला बॉलला सेकंदाचा साधारण तिसरा हिस्सा लागतो आणि तेवढ्यात तो हातभर खाली येतो. तेवढ्याच वेळात आडवा पळणारा माणूस तीन हात पुढे गेलेला असतो. म्हणजे छातीवर नेम धरून उभे राहिलात तर बॉल त्याच्या मागून, कमरेच्या उंचीवरून जाणार. पळणाऱ्याच्या तीन हात पुढे आणि जरा वर धरा, नाहीतर तो थांबेपर्यंत थांबा. थांबणं स्वस्त पडतं.

याचा दुसरा अर्थ फार महत्त्वाचा आहे. तुम्ही पळत असाल तर समोरच्यालाही तुम्हाला मारणं तितकंच अवघड आहे. म्हणून शिट्टी वाजली की पहिल्या अर्ध्या मिनिटात कोणीही ट्रिगर दाबायचा नाही, फक्त पळायचं आणि पुढच्यातला पुढचा आडोसा गाठायचा. जागा फुकट मिळते ती तेव्हाच. पिस्तुलाचा फायदाही इथेच आहे: एका हातात मावतं, वाकून पळता येतं, गडग्याच्या (दगडी बांधाच्या) कडेला रांगता येतं.

आडोसे

चिऱ्याचे गडगे उत्तम. माडाचा बुंधा बारीक माणसाला चालतो. पोफळीमागे उभं राहणाऱ्यांचा फोटो आम्ही आवर्जून काढतो, कारण पोफळ वीतभर रुंद आणि माणूस दोन्ही बाजूंनी बाहेर. गडग्यावरून डोकं काढून मारू नका, कडेने मारा. उजव्या कडेने उजव्या हाताने, डाव्या कडेने डाव्या हाताने. पिस्तूल हलकं असल्याने डावा हात दहा मिनिटांत सरावतो. एकाच जागेतून दोनदा डोकावू नका. कलमांच्या खाली बसण्याआधी वर बघा, लाल मुंग्यांची घरटी असतात. मुंग्यांना कंटाळून बाहेर पळाला आणि आऊट झाला, असा प्रकार आम्ही एकदा नाही, अनेकदा पाहिलाय.

जोडी

आता मुख्य मुद्दा. सहा जणांची टीम म्हणजे सहा पिस्तुलं असं धरू नका. तीन जोड्या धरा. सराव नसलेल्या माणसाला मॅगझिन बदलायला तीन-चार सेकंद लागतात. चार सेकंदांत समोरचा पंधरा मीटर पळतो, म्हणजे जवळजवळ तुमच्या मांडीवर येऊन बसतो. तेव्हा जोडीतलं एक पिस्तूल कायम भरलेलं हवं. आपलं रिकामं होत आलं की ओरडायचं “भरतोय!” किंवा “भरतेय!” आणि जोडीदाराने “भर!” म्हटल्याशिवाय मॅगझिन काढायचं नाही. ऑफिसच्या ग्रुपमध्ये हमखास होणारी चूक म्हणजे दोघांनी एकदम सुरुवात करून एकदम संपवणं. मग दोघंही गडग्यामागे खाली मान घालून खिसे चाचपतात आणि वरून आवाज येतो, “हॅलो सर.”

बॉल मोजायची सवय लावा. आपलेही आणि समोरच्याचेही. पिस्तुलाचा फट आवाज स्वच्छ ऐकू येतो. समोरून सात झाले की तुमची वेळ. आणि तुम्ही मोजताय तसेच तेही मोजताहेत, म्हणून सातपर्यंत जाऊच नका. पाचावर मॅगझिन बदला, उरलेले दोन खिशात राहू द्या, शेवटी उपयोगी पडतात. पुढे सरकायचं तर एकाने सावकाश दोन-तीन बॉल मारून समोरच्याला दबवायचं, दुसऱ्याने तेवढ्यात पुढचा गडगा गाठायचा, मग अदलाबदल. पळणाऱ्याने पळता पळता मारायचं नाही. तो बॉल शेजाऱ्यांच्या कलमावर जातो.

एक सोंग चांगलं चालतं. जोडीतल्या एकाने सातही बॉल वाजवून उडवायचे आणि मोठ्याने “भरतोय!” ओरडायचं. दुसऱ्याने दोन मीटर बाजूला, एकही बॉल न मारता, गप पडून राहायचं. मोजणारा हुशार गडी धावत येतो आणि गप बसलेल्याच्या पुढ्यात सापडतो. एका टीमवर एकदाच चालतं.

समोरचा गडग्यामागे घट्ट बसला असेल तर समोरून बॉल वाया घालवू नका. चिऱ्याला रंग लागून चिरा आऊट होत नाही. जोडीने एकमेकांपासून फाकायचं, एकाने समोर राहायचं, दुसऱ्याने बाजूने इतकं पुढे जायचं की गडग्याची कड उघडी पडेल. त्याला एका वेळी एकाच बाजूला तोंड करता येतं.

डावं-उजवं म्हणू नका

समोर तोंड करून “डावीकडे!” ओरडलं की मागे वळलेला जोडीदार नेमका उलटीकडे बघतो. आमचं मैदान किनाऱ्याला समांतर, दक्षिणोत्तर आहे. एका कडेला सुरूची रांग आणि समुद्र, दुसऱ्या कडेला चढ. तुम्ही कुठेही तोंड करा, समुद्र जागचा हलत नाही. म्हणून हाक द्यायची “दर्या!” किंवा “डोंगर!”, मग किती जण आणि कुठे: “दर्या एक, गडगा!” “डोंगर दोन, विहीर!” तीन शब्दांत पुरं करा. लांबलचक वाक्य पूर्ण होईपर्यंत माणूस जागा बदलतो.

एक जोडी दर्याकडून, एक डोंगराकडून, तिसरी मध्ये जराशी मागे. मधल्या जोडीचं काम झेंड्यावर नजर ठेवणं आणि निरोप पोचवणं. मोठ्या बंदुकांच्या खेळात मागे बसून नुसता मारा करणारा गडी असतो. पिस्तुलात त्याला काही काम नाही. मागून त्याचा बॉल पोचत नाही आणि सात बॉलमध्ये मारा होत नाही.

वाऱ्याचंही लक्षात घ्या. सकाळी मतलई वारा मंद असतो, पण अकरा-बारानंतर खारा वारा चांगला सुटतो आणि मैदानावरून आडवा, दर्याकडून डोंगराकडे जातो. तीन ग्रॅमचा बॉल त्यात वीस मीटरवर वीत-दीड वीत सरकतो. नेम जरा दर्याच्या अंगाला धरा. आवाजाचंही तसंच: दर्याकडच्या जोडीची हाक सगळ्यांना ऐकू येते, डोंगराकडच्यांची सुरूच्या सळसळीत विरते. म्हणून दुपारच्या डावात निरोप्याला मध्यापासून थोडं दर्याच्या बाजूला बसवा आणि डोंगराकडच्यांना हाताच्या खुणा ठरवून द्या. मूठ वर म्हणजे रिकामा, पंजा म्हणजे पुढे येतोय, एवढंही पुरतं.

शेवटची तीन मिनिटं

इथे बहुतेकांकडे दोन-चार बॉल उरलेले असतात. तुमचे चार आणि त्यांचे दोन गडी राहिले असतील तर सावध बसू नका, दोन्ही कडांनी एकदम निघा. तुमचे दोन राहिले असतील तर झेंड्याकडे जाऊच नका. झेंडा उचलणाऱ्याचा एक हात अडकतो आणि त्याला उघड्या खळ्यातून परत जावं लागतं. त्याची वाट बघा. रिकामं पिस्तूल घेऊन खेळत राहायला मनाई नाही. समोरच्याला ते रिकामं आहे हे माहीत नसतं.

न बदलणारे नियम

मास्क मैदानात कोणत्याही कारणाने काढायचा नाही. दमट हवेत काचेवर वाफ धरते, ते आम्हाला माहीत आहे. हात वर करा, ओरडा, पंच तुम्हाला जाळीबाहेर आणेल, तिथे पुसा. मास्क कपाळावर चढवलेला दिसला की डाव तिथेच थांबतो, मग माणूस कितीही मोठा साहेब असो. जाळीबाहेर येताना नळीवर टोपण हवंच. दहा फुटांच्या आत सापडलेल्याला बॉल मारायचा नाही, “शरण?” म्हणायचं, त्याने हात वर करायचा. बॉल अंगावर फुटला तरच आऊट, आपटून उडाला तर खेळ चालू. रंग पुसून खेळणाऱ्याचे पुढचे दोन डाव बंद.

येताना पूर्ण बाहीचा जुना शर्ट, जाड पँट आणि तळव्याला पकड असलेले बूट घाला. चपला नकोत, सावलीतल्या जांभ्यावर शेवाळ असतं. तुमचं कुत्रं सोबत असेल तर त्याला अंगणातच बांधा. बॉलच्या आतला रंग कुत्र्याच्या पोटात गेला तर ते गंभीर आजारी पडतं आणि आमच्या मोत्याला तरी प्रत्येक पडलेला बॉल लाडूच वाटतो. म्हणून शेवटच्या डावानंतर दोन्ही टीमनी मिळून न फुटलेले बॉल वेचायचे, हरलेल्यांनी दर्याच्या कडेचे, जिंकलेल्यांनी चढावरचे. जून ते सप्टेंबर मैदान बंद.