‘तेलात बुडवलं की काहीच नासत नाही’ हे खरं आहे का?

घरी बाम, साबण करणाऱ्यांमध्ये एक सल्ला नेहमी फिरतो: ताजी तुळस किंवा जास्वंद खोबरेल तेलात बुडवा, बरणी उन्हात ठेवा, तेल स्वतःच टिकवतं.

समज येतो कुठून, ते कळतं. लोणचं तेलाखाली टिकतं, हे आपण लहानपणापासून पाहतो. पण तिथे मीठ आणि आंबटपणा राखण करतात. तेल फक्त हवा अडवतं. नुसत्या तेलात जंतू वाढत नाहीत, कारण त्यात पाणी नसतं. ताज्या पानांत मात्र बहुतांश पाणीच असतं. ते तेलात झिरपतं, तळाशी थेंब साचतात आणि बुरशीला जागा मिळते. ‘व्हिटॅमिन ई’ घातल्याने हे थांबत नाही; त्याने तेल खवट होणं लांबतं, एवढंच.

माक्याचं तेल कढवणाऱ्या आज्यांना हे ठाऊक होतं. मंद आचेवर चुरचुर थांबेपर्यंत त्या कढई उतरवत नसत. तेल मुरल्यावर गाळातल्या पाल्याची वात करून पेटवायची: तडतडली तर पाणी शिल्लक आहे, शांत जळली तर तेल झालं. हे करताना चेहरा लांब ठेवा.

कढवायचं नसेल तर पाला सावलीत इतका वाळवा की चुरडताच चुरा होईल. बरणीही पूर्ण कोरडी हवी. तेल गढूळ झालं, आंबूस वास आला किंवा बुडबुडे दिसले, तर ते त्वचेला लावू नका.

खाण्याच्या लसूण-तेलात धोका आणखी मोठा, बोटुलिझमचा, म्हणजे हवा नसलेल्या जागी वाढणाऱ्या जंतूच्या विषाने होणाऱ्या जीवघेण्या विषबाधेचा. ते ताजंच करा, फ्रिजमध्ये ठेवा, दोन-चार दिवसांत संपवा.