शब्द परतले, हेल मागे राहिला

सौम्य वाचाघात (मेंदूला इजा झाल्याने भाषा बिघडणं) झालेल्या माणसाला शब्द बहुतेक सापडतात, वाक्यंही बरोबर जुळतात. तरी विराम भलत्याच जागी पडतो, सगळे शब्द एकाच वजनाने येतात. लोक म्हणतात, "आता बरे झालात की!" बोलणाऱ्याला मात्र स्वतःचंच बोलणं परकं वाटत राहतं.

सुरुवातीचे अभ्यासक शब्दांतच गुंतले होते, आणि ते साहजिक होतं. १८६१ साली फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी ज्या रुग्णाचा मेंदू तपासला, त्याच्याजवळ 'तां' एवढाच उच्चार उरला होता. अशा माणसाच्या सुरावटीचा विचार कोण करणार?

तो विचार एका युद्धाने करायला लावला. १९४१ साली ओस्लोवरच्या हवाई हल्ल्यात एका तरुणीच्या डोक्याला जबर जखम झाली. तिची वाचा गेली, पुढे हळूहळू बरीचशी परत आली. पण हेल बदलला होता. नॉर्वेजियन भाषेत सुरावरून शब्दाचा अर्थही बदलतो, आणि तिचे सूर चुकत. देश तेव्हा जर्मनांच्या ताब्यात. ती जर्मन असावी असं समजून दुकानदार तिला माल देईनात. मोनराड-क्रोन या मेंदूतज्ज्ञाने १९४७ मध्ये तिची हकीकत मांडली आणि या दोषाला 'डिस्प्रोसोडी', म्हणजे बोलण्याची सुरावट बिघडणं, असं म्हटलं. भाषेचं गाणं बिघडलं तर माणूस आपल्याच गावात उपरा ठरतो, हे मला या सगळ्या इतिहासातलं सर्वांत महत्त्वाचं निरीक्षण वाटतं.

वाचाघात तपासणाऱ्या १९७२ च्या बोस्टन चाचणीत सुरावटीला ७ पायऱ्यांची पट्टी मिळाली, पण निवाडा तपासणाऱ्याच्या कानावरच होता. यंत्राने मोजणी झाल्यावर वेगळंच दिसलं. डॅन्ली आणि शपिरो या संशोधकांनी १९८२ मध्ये ब्रोका-वाचाघाताच्या, म्हणजे अडखळत, तुटक बोलणाऱ्या, रुग्णांकडून वाक्यं वाचून घेतली. वाक्याअखेर सूर नेहमीसारखा उतरत होता. आपण शेवटचा शब्द नकळत लांबवतो, तसं मात्र होत नव्हतं. म्हणजे सुराहून काळाचं गणित जास्त बिघडलं होतं.

त्याच वर्षी आलेल्या वेस्टर्न वाचाघात चाचणीने १०० पैकी ९३.८ ही सीमा आखली. त्याहून जास्त गुण, तर वाचाघात नाही. सौम्य रुग्ण इथेच निसटतात. २०१७ च्या एका अभ्यासात ही सीमा ओलांडलेल्यांना गोष्टी सांगायला लावल्या, तेव्हा मिनिटाला त्यांचे शब्द निरोगी माणसांपेक्षा कमी भरले.